उभ्या अक्षावरचं शून्य

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेवरून, दीर्घिकांची अंतरं नोंदवणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाचे तीन वर्षांचे निकाल आले. ज्या अज्ञात घटकामुळे विश्वाचं प्रसरण वेग घेतं, ती डार्क एनर्जी काळाच्या ओघात क्षीण होत असावी, असा त्यांचा रोख होता. तेव्हापासून सोलापुरात विज्ञानाची चार माणसं जमली की हा विषय निघतोच. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये निघतो, वाचनालयातल्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत निघतो, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रात्री उशिरापर्यंत चालतो. चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी एवढ्यावरच ज्या शहराची ओळख लोक आटोपतात, तिथे माणसं विश्वाच्या भवितव्यावरून हिरिरीने भांडतात याचं मला मनापासून अप्रूप आहे. म्हणूनच हे भांडण ज्या पद्धतीने चाललंय ते पाहून वाईट वाटतं.

एका बाजूचं म्हणणं असं, की ‘डार्क’ म्हणजे शास्त्रज्ञांना न कळलेलं. जे कळलेलंच नाही त्याला भारदस्त नाव देऊन पाठ्यपुस्तकात घालणं ही फसवणूक आहे, आणि आता तर त्यांचे आकडेही बदलायला लागले. दुसऱ्या बाजूला आहेत व्हिडिओ पाहून तयार झालेली हुशार मुलं आणि त्यांचे काही शिक्षक. त्यांचं उत्तर तोंडावर असतं: विश्व थंड होताना सममिती भंगली, निर्वातात ऊर्जा अडकून राहिली, तीच डार्क एनर्जी, हिग्जना नोबेल मिळालं, विषय संपला. दोन्हीकडचा आवेश सारखा आणि चूकही एकाच जातीची. मोजलेली गोष्ट आणि तिचं कारण यांची दोघेही गल्लत करतात. माझं म्हणणं असं आहे: डार्क एनर्जी ही मोजमापांनी भक्कम झालेली गोष्ट आहे. तिचा उगम आज कुणालाही माहीत नाही. आणि सममितीभंग हे त्या उगमाचं उत्तर तर नाहीच, उलट हा प्रश्न एवढा अवघड होऊन बसलाय तो मुख्यतः त्याच्यामुळे. या तिन्ही गोष्टी, कुठलीही न लपवता, बी.एस्सी.च्या मुलांना आणि व्याख्यानाला आलेल्या लोकांना सांगितल्या पाहिजेत.

आधी जे मोजलंय ते. १९९८ मध्ये दोन गट, एक सॉल पर्लमटर यांचा आणि दुसरा ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा, एकमेकांशी चुरस लावून दूरच्या सुपरनोव्हांचं, म्हणजे जवळपास सारख्याच तेजाने स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचं, तेज मोजत होते. गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाचं प्रसरण किती मंदावत चाललंय हे त्यांना काढायचं होतं. सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा फिके दिसले, म्हणजे अपेक्षेपेक्षा दूर होते, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढत होता. २०११ चं नोबेल या तिघांना मिळालं. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आपल्या समीकरणात घातलेला आणि पुढे स्वतःच टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक अशा रीतीने परत आला. आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण ऊर्जेपैकी ६८ ते ७० टक्के वाटा या खात्यावर पडतो. टक्केवारी ऐकून माणूस दबकतो, पण घनता पाहिली तर ती विलक्षण विरळ आहे: एका घनमीटरला तीन-चार हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाएवढी. विश्व पसरतं तसं साधं द्रव्य पातळ होत जातं, ही मात्र जवळपास तशीच राहते. म्हणून सुरुवातीला तिचं काही चाललं नाही, आणि आज तिचंच चालतं.

आता सममितीभंग. संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी काही आठवडे सोलापुरात नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. काठीचं बूड कमरेशी, दोन्ही हात काठीवर, नजर शेंड्याकडे, आणि प्रत्येक पावलागणिक शरीराने केलेली इतकी बारीक दुरुस्ती की बाजूच्याला ती दिसतही नाही. काठी अगदी सरळ उभी असते तेव्हा तिला पूर्व काय आणि पश्चिम काय, सगळ्या दिशा सारख्या. गुरुत्वाकर्षणाचा नियम कुठल्याच बाजूचा पक्ष घेत नाही. पण सरावात एखाद्या नवख्याचा तोल सुटला तर काठी ‘सगळ्या दिशांना’ झुकत नाही, एकाच दिशेला झुकते. नियम सममित राहिला, परिणाम राहिला नाही. आणखी एक गोष्ट इथेच नजरेत भरून ठेवावी: शेंडा वरून खाली आला की त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते, आणि किती कमी झाली ते मोजता येतं.

भौतिकीत या कल्पनेने जे काम केलं त्याला तोड नाही. योइचिरो नाम्बूंनी १९६० च्या सुमारास ती अतिवाहकांच्या सिद्धान्तातून उचलून मूलकणांना लावली. गोल्डस्टोननी १९६१ मध्ये दाखवलं, की अशी अखंड सममिती भंगली की एक वस्तुमानरहित कण पदरात पडतो. १९६४ मध्ये ब्राउट व अँग्लेर, हिग्ज, आणि गुरालनिक-हेगन-किबल अशा तीन ठिकाणी त्या नकोशा कणाची वाट लावण्याची युक्ती निघाली. १९६७ मध्ये वाइनबर्ग आणि १९६८ मध्ये सलाम यांनी ती विद्युतचुंबकी आणि दुर्बल बलांच्या एकीकरणाला लावली. प्रकाशकणाला वस्तुमान नाही, पण त्याचेच भाऊबंद असलेले डब्ल्यू आणि झेड कण प्रोटॉनच्या ८५ ते ९७ पट जड. हे कसं, याचं उत्तर म्हणजे सममितीभंग. ते जड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले, याच युक्तीतून अपेक्षित असलेला हिग्ज कण ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला. एका कल्पनेने अर्धं शतक आधी सांगावं आणि यंत्राने नेमकं तेच हातात द्यावं, असं फार क्वचित घडतं. या यशाने मुलं भारावून जातात ते अगदी योग्य आहे. पण जी कल्पना एवढं सांगते ती आणखी हेही सांगत असणार, अशी त्यांची पुढची उडी असते, आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्या अवकाशात भरलेल्या आणि कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेतला की घोळ कुठे आहे ते कळतं. आडव्या अक्षावर क्षेत्राचं मूल्य, उभ्या अक्षावर ऊर्जा. मधोमध उंचवटा, म्हणजे सरळ उभी काठी; दोन्हीकडे खळगे, म्हणजे सममिती भंगलेली; मग वर जाणाऱ्या कडा. हात सवयीने वळण घेतो, आकृती पुस्तकातल्यासारखी येते. मग विचारावं, उभ्या अक्षावर शून्य कुठे आहे? पेन थांबतं. कुणी उंचवट्याच्या माथ्याशी शून्य लिहितं, कुणी खळग्याच्या तळाशी, आणि बहुतेक जण म्हणतात, “सर, कुठेही घेतलं तरी चालतं ना?” कणभौतिकीत खरंच कुठेही चालतं. तिथे ऊर्जेतल्या फरकाला अर्थ असतो. शून्य सरकवलं तर एकही प्रयोग वेगळं उत्तर देत नाही. परंतु आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात अवकाशाला वाकवते ती सगळीच्या सगळी ऊर्जा. तिथे अक्षावरचं शून्य आपल्या सोयीचं राहत नाही. खळग्याचा तळ शून्यापासून किती वर किंवा किती खाली आहे, त्यावर विश्व पसरणार की कोसळणार हे ठरतं. दोन पेपर, दोन वेगळे शिक्षक, दोन वेगळी सत्रं यांच्यामध्ये हा प्रश्न आमच्याकडे हरवतो. कणभौतिकी शिकवणारा त्याला निरर्थक समजतो आणि सापेक्षता शिकवणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही.

उंचवटा आणि तळ यांमधला फरक आता अंदाजावर सोडण्यासारखा नाही. हिग्ज कणाचं वस्तुमान १२५ जीईव्ही (म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणभौतिकीतलं ऊर्जेचं एकक), क्षेत्राचं तळातलं मूल्य २४६ जीईव्ही; या दोन आकड्यांवरून प्रमाणित प्रारूपात, म्हणजे मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्तात, तो फरक चार ओळींत निघतो. आणि तो मोजलेल्या डार्क एनर्जीच्या घनतेच्या १ वर ५४ शून्यं एवढ्या पटींहून मोठा निघतो. शून्य माथ्याशी धरलं तर तळातली ऊर्जा प्रचंड ऋण, आणि विश्व केव्हाच कोसळलं असतं. तळाजवळ धरलं तर सुरुवातीला तेवढीच प्रचंड धन ऊर्जा होती आणि ती खाली उतरताना जवळजवळ पूर्ण खलास होऊन चोपन्नाव्या-पंचावन्नाव्या स्थानावर किंचित उरली, असं मानावं लागतं. बरं, सममितीभंग एकदाच झाला असंही नाही. क्वार्क नावाचे मूलकण बांधले जाऊन प्रोटॉन-न्यूट्रॉन झाले तेव्हा आणखी एक सममिती भंगली, तिचा फरक निराळा, तोही डार्क एनर्जीच्या मानाने ४० हून अधिक शून्यांचा. प्रत्येक वेळी तळ खाली सरकला, आणि सगळं झाल्यावर शेवटचा तळ शून्याला जवळजवळ चिकटून थांबला. कोणी ठरवलं? कोणत्या नियमाने? आंद्रेई लिंडे यांनी १९७४ मध्ये आणि मार्टिनस वेल्टमन यांनी १९७५ मध्ये हे बोट ठेवून दाखवलं होतं, हिग्ज कण सापडण्याच्या आणि प्रसरणाचा वेग मोजला जाण्याच्या कितीतरी आधी. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, वोल्फगांग पाउली यांनी निर्वातातल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब केला, तेव्हा सगळं विश्व चंद्रापर्यंतही पुरणार नाही असं उत्तर आल्याची आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे.

लोकप्रिय लेखांत याबाबतीत १२० शून्यांचा आकडा फिरतो. तो हिशेब क्वांटम गुरुत्वाच्या पातळीपर्यंत ताणल्यावर येतो, आणि त्या ताणण्यावर रास्त आक्षेप घेता येतात. मला ५४ चा आकडा जास्त बोचतो, कारण त्यात ताणलेलं काही नाही. प्रयोगशाळेत मोजलेल्या दोन राशी आहेत आणि सर्वमान्य सिद्धान्त आहे. ‘सममितीभंगातून डार्क एनर्जी आली’ असं छातीठोक सांगणाऱ्याने आधी या ५४ शून्यांचा निकाल लावावा. सिद्धान्ताने दिलेलं उत्तर इतकं चुकत असेल तर त्याला त्या गोष्टीचं स्पष्टीकरण कसं म्हणायचं?

यावर या बाजूकडून जे सर्वांत बळकट उत्तर येऊ शकतं ते बाजूला सारण्यासारखं नाही. हिग्जचा सममितीभंग राहू द्या, म्हणे, दुसरा घ्या. १९९५ मध्ये फ्रीमन, हिल, स्टेबिन्स आणि वागा यांनी अशीच सूचना केली. फार वरच्या ऊर्जेला एखादी सममिती भंगते, गोल्डस्टोनचा वस्तुमानरहित कण मिळतो. ती सममिती मुळातच अगदी किंचित अपुरी असेल तर त्या कणाला अगदी किंचित वस्तुमान मिळतं. ते १० चा उणे ३३ वा घात इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढं असेल तर ते क्षेत्र आजवर उतारावर जवळपास गोठून राहिलं आणि आत्ता कुठे घरंगळायला लागलं. हे गोठलेलं क्षेत्र डार्क एनर्जीसारखं वागतं. यातली सुंदर गोष्ट ही, की एवढं क्षुल्लक वस्तुमान इतर कणांच्या धक्क्यांनी फुगत नाही, सममितीच त्याची राखण करते. डेसी म्हणतं तशी डार्क एनर्जी खरंच उतरत असेल तर या जातीचं चित्र तिला चांगलं लागू पडेल. म्हणजे सममितीभंगाला या प्रश्नात काही स्थानच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि मी ते म्हणत नाही.

तरीही या चित्रात एक गोष्ट बिनबोभाट गृहीत धरलेली असते: हिग्जचा, क्वार्कांचा आणि इतर सगळ्यांचा तळ बरोबर शून्यावर आहे. तो तिथे कसा आला, हे कुणी सांगत नाही. नव्या क्षेत्राने बारीक शिल्लक समजावली, मोठं कर्ज कुठे गेलं ते नाही. अतिसममितीचा मार्गही असाच अडतो. मूलकणांच्या बोसॉन आणि फर्मिऑन या दोन जातींत प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीतला जोडीदार असतो, अशी ही कल्पना. ती अचूक असती तर बोसॉन आणि फर्मिऑन यांच्या निर्वात-ऊर्जा एकमेकींना पुरत्या छेदून गेल्या असत्या. पण आपल्या जगात ती भंगलेली आहे हे उघड आहे, आणि सर्नच्या महाकाय कोलायडरला तिचे जोडीदार कण आजवर सापडलेले नाहीत. म्हणजे असलीच तर ती इतक्या वर भंगली, की ५४ शून्यांचा प्रश्न सुटण्याऐवजी साठीकडे जातो. वाइनबर्ग यांनी १९८९ च्या आपल्या प्रसिद्ध आढाव्यात दाखवलं, की एखादं क्षेत्र आपोआप जुळवून घेईल आणि तळ शून्यावर आणेल अशा सरळ युक्त्या बहुतेक स्वतःच कुठेतरी तेवढीच नाजूक जुळवाजुळव मागतात. त्यांनीच १९८७ मध्ये मांडलेला दुसरा विचार, की स्थिरांक फार मोठा असता तर दीर्घिकाच बनल्या नसत्या आणि प्रश्न विचारायला कुणी उरलं नसतं, हाही गंभीर आहे. १९९८ च्या आधी केलेलं ते भाकीत बऱ्यापैकी खरं ठरलं. पण त्यातून ‘यापेक्षा मोठा का नाही’ याचं उत्तर मिळतं, ‘आहे तो कुठून आला’ याचं मिळत नाही, आणि शिवाय निरनिराळे स्थिरांक असलेली असंख्य विश्वं मानावी लागतात.

काही जण सुटकेचा आणखी एक रस्ता काढतात: निर्वाताची ऊर्जा गुरुत्वाकर्षण करतच नसेल. सोपं आणि आकर्षक. पण अणूच्या केंद्रकाभोवतीच्या विद्युतक्षेत्रात निर्वाताच्या हालचालींमुळे अणूच्या ऊर्जेत जो बारीक फरक पडतो, तो अणूच्या वस्तुमानात धरला जातो, आणि वेगवेगळ्या मूलद्रव्यांत तो वेगवेगळा असतो. तो वाटा गुरुत्वाकर्षणातून वगळला असता तर वेगवेगळी द्रव्यं वेगवेगळ्या त्वरणाने पडली असती. मायक्रोस्कोप या उपग्रहाने टायटेनियम आणि प्लॅटिनम यांच्या पडण्याची तुलना केली. २०२२ मध्ये आलेल्या निकालात, १० चा उणे १५ वा घात इतक्या बारकाव्यापर्यंत, दोन्ही सारखीच पडतात. अणूच्या आतला निर्वात वजन करतो आणि बाहेरचा करत नाही, असं म्हणायचं तर त्यासाठी वेगळा नियम हवा, आणि तो अजून कुणी समाधानकारक दिलेला नाही.

आता पहिल्या बाजूकडे, म्हणजे ‘डार्क एनर्जी हे थोतांड’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्यातले बरेच जण जयंत नारळीकरांचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाही हवं. मे २०२५ मध्ये ते गेले. महास्फोटाच्या रूढ चित्राला शेवटपर्यंत प्रश्न विचारणारा एवढ्या तोलामोलाचा माणूस मराठीत दुसरा झाला नाही. पण त्यांनी विरोध कसा केला ते पाहा. सुपरनोव्हा फिके दिसतात ना? मग वाटेत धूळ असेल, ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडून थिजलेल्या धातूच्या सूक्ष्म सुयांची. अशी धूळ किती हवी, किती लांबीच्या सुया हव्यात, त्यांनी कुठल्या अंतरावर किती प्रकाश अडेल, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने मांडलं आणि निरीक्षणांच्या शेजारी ठेवलं. म्हणजे जिथे आपण हरू शकतो अशा जागी स्वतःला उभं केलं. त्यांच्या नावाने ‘सगळं खोटं’ म्हणणारे यातलं काय करतात?

आणि त्या सुयांचं पुढे काय झालं? धूळ दिव्याचं तेज कमी करू शकते, मोजपट्टीची लांबी कमी करू शकत नाही. विश्वाच्या बालपणी तापलेल्या वायूत ध्वनिलहरी फिरत होत्या. त्यांचा ठसा दीर्घिकांच्या वाटणीत आजही आहे, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं अंतराचा. २००५ मध्ये तो स्पष्ट मोजला गेला. ही लांबी निरनिराळ्या काळांत आकाशात केवढा कोन व्यापते ते पाहिलं की प्रसरणाचा इतिहास निघतो, त्यात एकाही सुपरनोव्हाचं तेज लागत नाही. विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशावरून, म्हणजे सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीवरून, प्लँक उपग्रहाने काढलेला हिशेब तिसरा. तीन वेगळ्या पद्धती, चुकण्याच्या तीन वेगळ्या जागा, आणि तिन्ही एकाच गावी पोचतात. न्यूझीलंडचे डेव्हिड विल्टशर म्हणतात तसं, विश्व ठिकठिकाणी दाट-विरळ असल्यामुळे आपल्याच घड्याळांचा हिशेब चुकतोय आणि वेगवाढ हा त्याचा आभास आहे, ही शक्यता मात्र मी उघडी ठेवतो. ती चुकीची ठरेल असं मला वाटतं, पण ती मांडण्याची रीत नारळीकरांचीच आहे: आकडे द्या, तपासा म्हणा.

‘न दिसणारं काहीतरी मानणं’ ही शास्त्रज्ञांची पळवाट आहे का? इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. युरेनसची चाल चुकत होती. फ्रेंच खगोलगणिती ल व्हेरिएनी न दिसणारा ग्रह मानला, आणि १८४६ मध्ये बर्लिनहून गालेंना नेपच्यून सांगितलेल्या जागेजवळच सापडला. मग बुधाची चाल चुकत होती. त्याच ल व्हेरिएनी १८५९ मध्ये तीच युक्ती केली, सूर्याजवळचा ग्रह मानला, त्याला ‘व्हल्कन’ नाव मिळालं, एका हौशी निरीक्षकाने तो ‘पाहिला’ म्हणून त्याला फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मानही मिळाला. असा ग्रह नव्हताच. १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने नवं गुरुत्वाकर्षण मांडलं आणि बुधाचा हिशेब मिटला. डार्क एनर्जी नेपच्यून आहे की व्हल्कन, हे आज सांगता येत नाही. पण व्हल्कनच्या गोष्टीतला जो भाग आमच्या वादात कुणी सांगत नाही तो असा: बुधाची चूक शंभर वर्षांना ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढी होती. इतकी बारीक, इतकी नेमकी. ल व्हेरिए आणि त्यांच्यानंतरच्या गणितज्ञांनी ती नेमकी करून ठेवली होती, म्हणून आइन्स्टाइनला आपलं उत्तर बरोबर आलं हे त्याच क्षणी कळलं. ‘बुधाचं काहीतरी बिनसलंय’ एवढंच कुणी म्हणून ठेवलं असतं तर? ग्रह खोटा निघाला, चूक खरी निघाली. आपल्या हातात आज ५४ शून्यांची चूक आहे, दोन मोजलेल्या आकड्यांवर उभी. ती मुलांपासून लपवायची, की ‘सममितीभंगाने सुटली’ म्हणून पुसून टाकायची?

डेसीच्या निकालांचं म्हणाल तर धीर धरावा. तिथे दुर्बिणीच्या नाभीपाशी ५,००० छोटे यंत्रमानव आहेत, प्रत्येकाच्या टोकाला केसाएवढा प्रकाशतंतू; आकाशाचा नवा तुकडा समोर आला की प्रत्येक जण आपापल्या दीर्घिकेच्या ठरलेल्या जागेवर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या अचूकतेने, येऊन थांबतो. अशा जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांच्या नोंदींवरून हा निकाल आहे. तो हलका नाही. पण बदलत्या डार्क एनर्जीचा संकेत कुठल्या सुपरनोव्हा-संचाशी जोडतो त्याप्रमाणे २.८ ते ४.२ सिग्मा एवढा बदलतो (सिग्मा जितका जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी), आणि शोध जाहीर करायची भौतिकीतली रूढ अट ५ सिग्माची आहे. संच बदलल्याने संकेत एवढा हलत असेल तर त्यातल्या एखाद्या संचाच्या जुळणीतच खोट असू शकते. युक्लिड उपग्रह आणि रुबिन वेधशाळा यांच्या नोंदी आल्या की निवाडा होईल. ‘आइन्स्टाइन चुकला’ असं घाईने म्हणणाऱ्यांना त्यातलं काहीच थांबून पाहायचं नसतं.

माझ्या मताला सर्वांत अवघड आक्षेप मात्र भौतिकीतला नाही, तो आमच्याच गावातल्या कळकळीच्या माणसांचा आहे. ते म्हणतात, इथे ‘क्वांटम’ नावाने तांब्याची कडी विकली जातात, निर्वातातून फुकट वीज काढणारं यंत्र दाखवून लोकांचे पैसे घेतले जातात. अशा ठिकाणी व्यासपीठावरून ‘आम्हाला उगम माहीत नाही’ म्हणालात, तर उद्या तेच वाक्य भोंदूच्या पत्रकावर छापलेलं दिसेल. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय खोटा आत्मविश्वास नाही. एकोणिसाव्या शतकातले नामवंत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वीचं वय काही कोटी वर्षांच्या वर जात नाही असं अधिकारवाणीने सांगितलं. भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विनचे अनुयायी त्या दडपणाखाली कित्येक वर्षं अवघडून राहिले, आणि शेवटी किरणोत्सर्गावरून निघालेली वयं त्याच्या कितीतरी पट निघाली. अधिकारवाणीने भोंदू थांबत नाही, कारण ती त्याच्याकडेही भरपूर असते. आकडा नसतो. डार्क एनर्जीची मोजलेली घनता घ्या आणि मुलांना गुणाकार करायला लावा: एक किलोमीटर लांब, एक रुंद, एक उंच एवढ्या अवकाशात सगळी मिळून जेमतेम अर्धा ज्यूल. शंभर ग्रॅमचं वजन अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी. ज्या मुलाने हा गुणाकार स्वतः केला, त्याच्यापुढे निर्वातातून वीज काढणारं यंत्र उभं राहणार नाही. ‘विज्ञानाने सगळं सोडवलंय’ असं ऐकत आलेला मुलगा मात्र त्याच यंत्राला हात जोडू शकतो, कारण त्याच्या कानावर दोन्ही गोष्टी एकाच सुरात पडल्या आहेत.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या संस्थांसाठी आहे, आपल्या कॉलेजांना काय त्याचं, असंही म्हटलं जातं. मला हे पटत नाही. पँथियन प्लस या संचात १,५५० सुपरनोव्हांच्या १,७०१ प्रकाश-नोंदी आहेत, आणि तो कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. आमच्या कुठल्याही कॉलेजच्या संगणक कक्षात, वीज असेल त्या दुपारी, तृतीय वर्षाच्या चार मुलांना तेज आणि ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप) यांचा आलेख काढता येईल. त्यावर डार्क एनर्जी नसलेल्या विश्वाची रेषा ओढा, मग असलेल्या विश्वाची, मग क्षीण होत जाणाऱ्या डार्क एनर्जीची, आणि शेवटी नारळीकरांच्या सुयांची धूळ घालून पाहा. दूरच्या, ताम्रसृती १ च्या पुढच्या सुपरनोव्हांपाशी कुठली रेषा बिंदूंना सोडून जाते ते मुलांनाच सांगू द्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत शेवटी ‘निष्कर्ष’ लिहायची जागा असते. तिथे ‘उगम: अज्ञात’ असं लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत, एवढी हमी परीक्षकांनी द्यावी.